बाईसाहेब खेळत नाहीत

सोमवार, ६ मार्च

बाईसाहेब आल्या. हे नाव वन्संनी ठेवलं. कागदावर तिचं हुकूम सोडल्यासारखं काहीतरी सरकारी नाव आहे, ते आम्ही दोघींनी एकमताने रद्द केलं. रंग बिस्किटाचा, तोंडाभोवती पांढरं झालेलं आणि चाल अशी की भाड्याने घर बघायला आली आहे. सगळ्या खोल्या हुंगून झाल्यावर दाराशी ताठ बसली आणि आता पुढे काय, असं माझ्याकडे बघत राहिली.

तिला घेऊन आला तो तिचा हँडलर, म्हणजे विमानतळावर तिच्याबरोबर काम करणारा माणूस. प्रवाशांच्या सामानातली फळं, मांस, बियाणं वासावरून शोधून काढायचं, हे बाईसाहेबांचं आजवरचं काम. आता वय झालं म्हणून निवृत्ती. माणूस भला आहे, पण बोलतो फार सावकाश. म्हणाला, "चार आठवडे ठेवून बघा. मग मी येऊन बघेन. खाल्लं, झोपली, खेळली, तर ती तुमची. खंगायला लागली तर मात्र परत न्यावी लागेल." परत म्हणजे पिंजऱ्यात. या वयात एकदा परत आलेल्या कुत्र्याला पुन्हा कोणी मागत नाही, हेही त्याने सांगितलं.

मग म्हणाला, "खेळण्यांच्या बाबतीत मात्र तिचं काय आहे, की..."

मी तिथेच थांबवलं. म्हटलं, "भाऊ, मी अख्खं आयुष्य खेळण्यांच्या दुकानात काढलंय. खेळण्यांचं मला नका सांगू, जेवणाचं सांगा." बिचाऱ्याने जेवणाचं सांगितलं.

मंगळवार, ७ मार्च

सकाळीच दुकानात गेले. जानेवारीपासून दुकान पुतणी बघते, मी रीतसर निवृत्त आहे, पण जाता जाता डोकावलं तर कुणाचं काही बिघडत नाही. बाहुल्यांचा कप्पा तिने खाली आणला होता. पुन्हा वर लावून दिला.

बाईसाहेबांसाठी निवड केली ती माझ्या पद्धतीने. आधी वास. ज्या खेळण्याला रंगाचा उग्र वास येतो ते मी कधी गिऱ्हाइकाच्या हाती दिलं नाही. मग ओढून बघायचं. कान, शेपूट, चाक, जे हाताने निघतं ते दाताने निघणारच. बटणाचे डोळे बाद, भरतकामाचे चालतील. मग नख. रबरावर अंगठ्याचं नख दाबलं की जरा रुतायला हवं. दगडासारखं कडक असेल तर दात जातील. आणि शेवटी आमची नळी. काउंटरखाली कायम एक छोटी नळी असते. त्या नळीत जे मावतं ते बारीक पोराच्या घशातही मावतं, म्हणून ते बाजूला. एवढ्या सगळ्यातून तावून सुलाखून निघालेली खेळणी घेऊन आले, टोपली भरून.

टोपली बाईसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, गिऱ्हाईक कठीण दिसतंय."

म्हटलं, "पहिल्या दिवशी सगळीच कठीण असतात. कंगाल गिऱ्हाइकाला मी आगगाडी विकलेली आहे."

गुरुवार, ९ मार्च

रबरी हाड: नाही. दोरीचं कडं: नाही. चीं चीं करणारं बदक मी स्वतः दाबून दाबून दाखवलं. बाईसाहेब माझ्याकडे अशा काही बघत होत्या की मलाच ओशाळल्यासारखं झालं. आतली शिट्टी निसटली तर गिळली जाईल म्हणून मी तेही काढून ठेवलं. कुणी खेळतच नाही म्हटल्यावर धोका तरी कसला, पण नियम म्हणजे नियम.

एक गोष्ट मात्र खटकते. मी एवढी मरमर करते, आणि ही जाऊन बसते कुठे, तर वन्संच्या खोलीत, त्यांच्या कपड्यांच्या कपाटासमोर. नाक कपाटाला लावून, पाठ सरळ, पुतळ्यासारखी. हाक मारली की वळून माझ्याकडे बघते आणि पुन्हा कपाटाकडे. वन्संना प्राण्यांचा लळा नाही, त्यांनी तिला हात लावल्याचंही मी पाहिलं नाही. पण माया कुणावर बसेल सांगता येत नाही. मला वाईट वाटलं, हे इथे लिहून टाकते.

वन्सं मात्र उगाच चिडल्या. "हिला इथून हलवा आधी," म्हणाल्या. नर्स म्हणून जन्म गेला, घरातसुद्धा वॉर्डातलीच शिस्त.

सोमवार, १३ मार्च

फिरायला नेलं आणि शोभा झाली. बसथांब्यावर एक गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते. बाईसाहेब त्यांच्या पायाशी जाऊन बसल्या, हलायला तयार नाहीत. पट्टा ओढला तरी नाही. गृहस्थ आधी हसले, मग घाबरले, मग रस्ता ओलांडून पलीकडे गेले. तिथून थोडं पुढे एका बाईंच्या बाबागाडीसमोर तेच. गाडीच्या खालच्या जाळीत बाजारातलं सामान होतं.

मी रागावले तिला. "भिकारीण आहेस का? घरी काय कमी आहे?" मान खाली घालून चालायला लागली. घरी आल्यावर पुढचा पाय चाटत बसली, चाटतच राहिली.

खेळण्यांत आज चेंडू लपवता येणारी कापडी पेटी. नाही.

शुक्रवार, १७ मार्च

पाय चाटून चाटून पंजावरचे केस गेले, खाली लाल झालंय. जेवण अर्धंच उरतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पंजा बघितला, पोट बघितलं, दात बघितले. म्हणाल्या, "आजार काही नाही. काम करणारा जीव आहे, एकदम रिकामा झालाय. तिचं मन कशात तरी रमवा."

"खेळणी आणलीत ना," मी म्हटलं. "मोजता येणार नाहीत इतकी."

"मग ती रमत का नाहीत?" त्यांनी विचारलं.

मला मुलाचा चेहरा बघून सांगता येतं की याला ठोकळे हवेत का गाडी. आया म्हणायच्या, तुम्ही कसं ओळखता हो. आणि माझ्याच घरात एक जीव कुढतोय, मला कळत नाही त्याला काय हवंय. हँडलरला फोन करावा का? पण मग तो म्हणेल, जमत नाही ना, द्या परत. नाही करायचा.

वन्सं म्हणाल्या, "निवृत्तीची सवय व्हायला वेळ लागतो, वहिनी."

म्हटलं, "सवय कसली त्यात? काम संपलं, घरी बसायचं. मी बसले की नाही?"

वन्सं चष्मा पुसत राहिल्या.

शनिवार, १८ मार्च

दुकानात पुतणी म्हणाली, "काकू, रोज यायची काही गरज नाही हो. तुम्ही आराम करा." मुलगी भिडस्त आहे, मदत मागायला लाजते. म्हटलं, "अगं, मला काही त्रास नाही." बाहुल्यांचा कप्पा पुन्हा खाली आला होता. पुन्हा वर लावला.

मंगळवार, २१ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

घरी एकटी राहिली की पाय चाटते म्हणून बाईसाहेबांना दुकानात घेऊन गेले. गल्ल्यामागे चटईवर बसवलं. दुपारी एक आजोबा नातीसाठी काहीतरी बघायला आले. खांद्याला पिशवी. बाईसाहेब उठल्या, काउंटरला वळसा घालून गेल्या आणि त्यांच्या पिशवीसमोर ताठ बसल्या. मी आता ओरडणार, तेवढ्यात आजोबा हसून म्हणाले, "अरेच्चा, हिला वास लागला वाटतं," आणि त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संत्रं! बसथांब्यावरचे गृहस्थ, बाबागाडीखालची जाळी. भीक कुठली मागतेय ही, ही ड्यूटी करतेय! इमानेइतबारे माल पकडून देतेय, आणि मी तिला रस्त्यात शिव्या घातल्या. म्हणून ती माझ्याकडे वळून बघत होती. सापडलं, पुढचं द्या, असं म्हणत होती. पुढचं काय द्यायचं असतं ते तो भला माणूस मला पहिल्याच दिवशी सांगणार होता.

हाताशी होता कापडी हत्ती, भरतकामाच्या डोळ्यांचा. तो उचलला आणि "शाब्बास गं बाई!" म्हणून तिच्यापुढे टाकला.

काय सांगू! त्या म्हातारीने हत्ती हवेत झेलला. झटकला, आपटला, गोल गोल फिरली, माझ्याकडे आणून माझ्या पोटात खुपसला आणि दुसरं टोक मी धरावं म्हणून गुरगुरायला लागली. मी धरलं. आम्ही ओढाओढी केली, खुर्ची पडली, ठोकळ्यांचा मनोरा पडला, आजोबांची नात टाळ्या पिटत होती. असलाच हत्ती पहिल्या दिवसापासून घरच्या टोपलीत होता, ढुंकूनही न पाहिलेला. खेळणं चुकलं नव्हतंच. आपण काही केलेलं नाही आणि समोर मजुरी येऊन पडली आहे, हे तिला पटत नव्हतं. मानी आहे माझी बाई.

आजोबांनी तसलाच हत्ती विकत घेतला. पुतणीने तोंडात बोट घातलं.

बुधवार, २२ मार्च

सकाळी उठले ती तडक वन्संच्या खोलीत. बाईसाहेब कपाटासमोर ड्यूटीवर होत्याच. वन्संना म्हटलं, "उघडा."

"काय उघडा? माझे कपडे आहेत."

"वन्सं, या कपाटासमोर कुणी कुणाच्या प्रेमापायी बसलेलं नाही. उघडा."

दुलईच्या घडीतून सुकी अंजिरं निघाली, डबाभर. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना पथ्य शिकवणारी ही बाई, स्वतःची साखर वाढलेली, आणि दुलईत अंजिरं! मी बाईसाहेबांना हत्ती दिला आणि वन्संना यथेच्छ सुनावलं. वन्सं म्हणाल्या, "सरकारी नोकर घरात आणू नये म्हणतात ते यासाठीच." मग स्वतःच हसायला लागल्या. डबा माझ्या कपाटात आला.

बाईसाहेब रात्री पूर्ण जेवल्या.

शुक्रवार, २४ मार्च

कामकाज सुरळीत. सकाळ-संध्याकाळ घरात सफरचंदाची फोड लपवते, बाईसाहेब पकडतात, हत्ती मिळतो. पंजावर केस येऊ लागलेत. हत्तीचा कान मात्र उसवला, आतला कापूस डोकावतोय. तो पोटात गेला तर आतडं तुंबेल, म्हणून हत्तीला रजा दिली. आता काहीतरी दणकट हवं.

दुकानातून रबरी चेंडू आणला. एकजीव, कुठे जोड नाही, वास नाही, नख बेताचं रुततं. नळीत घालून पाहिला, मावत नाही. सर्व परीक्षांत उत्तीर्ण. हँडलरने खुशाल यावं आता.

शनिवार, २५ मार्च

लिहायचं मन नाही. तरी लिहिते.

बाईसाहेबांनी सोफ्याखालची फोड पकडली. मी "शाब्बास" म्हणून चेंडू उंच टाकला. तिने उडी मारून, तोंड वासून झेलला आणि खाली आली ती तोंड मिटेनाच. आवाज नाही. पुढच्या पायांनी तोंड ओरबाडायला लागली. चेंडू सरळ घशात जाऊन बसला होता. मी बोटं घातली तर बुळबुळीत, धरताच येईना. तिचे डोळे माझ्यावर होते. मी नुसती किंचाळत होते.

वन्सं धावत आल्या. मला बाजूला ढकललं, तिला कुशीवर पाडलं, गळ्यावरून हात फिरवून चेंडू कुठे आहे ते चाचपलं आणि बाहेरूनच, चेंडूच्या मागे दोन्ही अंगठे रोवून तोंडाच्या दिशेने रेटा दिला. एकदा. दोनदा. चेंडू भिंतीवर जाऊन आदळला. बाईसाहेबांनी घर्र करून श्वास घेतला आणि वन्संच्या मांडीवर डोकं टाकलं.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. घसा खरचटलाय, बाकी ठीक आहे. मी त्यांना नळीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, ती नळी लहान मुलाच्या घशाच्या मापाची. हिचा घसा बघितलात का केवढा आहे? कुत्र्याचा चेंडू असा हवा, की जबड्याच्या मागे जाऊच शकणार नाही."

माप चुकलं. नळी बरोबर होती, पण ती पोरांची होती. उभ्या आयुष्यात माझ्या हातून गेलेल्या खेळण्याने कुणाचं वाईट झालं नाही, आणि आज झालं असतं ते नेमकं हिचं. खूप रडले. वन्सं जवळ बसून होत्या, बाईसाहेब त्यांच्या मांडीवर. माया खरोखरच बसली म्हणायची.

सोमवार, २७ मार्च

रडून झालं. आता काम. डोकं वापरलं की सुचतं, आणि डोकं मला आहे.

जुनी जाड चादर फाडून तीन पट्ट्या काढल्या, वेणी घातली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या. गाठ माझ्या मुठीहून मोठी. बाईसाहेबांचं तोंड उघडून, जबड्याला लावून माप घेतलं. त्या शिंप्यापुढे उभ्या राहिल्यासारख्या शांत उभ्या होत्या. नियम असा: वेणी खेळताना आम्हा दोघींपैकी एक समोर हवी, खेळ झाला की तपासायची, धागा सुटला असेल तर कापायचा आणि ती वर ठेवायची. चेंडू, बदक, हाड, सगळी टोपली दुकानात परत नेली. पुतणीला सांगितलं, "कुणी कुत्र्यासाठी म्हणून मागितलं तर यातलं एकही द्यायचं नाही. आधी कुत्रं केवढं आहे ते विचारायचं."

घाईत होते, बाहुल्यांचा कप्पा बघायचा राहिला.

शनिवार, १ एप्रिल

वेणी पसंत आहे. घसा बरा आहे. वेणी मात्र फोड पकडल्यावरच. एरवी समोर धरली तरी मान फिरवते.

वन्सं म्हणाल्या, "परवा तो माणूस येईल. चेंडूचं त्याला सांगायची काही गरज नाही. जे झालं ते निभावलं."

म्हटलं, "वन्सं, दुकानातून खराब माल गेला तर मी स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी फोन करायचे. आता लपवेन?"

"आणि त्याने नेली म्हणजे?"

तिला नेलं तर मी काय करेन, मला माहीत नाही. भाजी चिरायला घेतली.

सोमवार, ३ एप्रिल

हँडलर आला. बाईसाहेब त्याला ओळखून एवढ्या आनंदल्या की मला वाटलं, संपलं, ही स्वतःच जाते. त्याने पंजा बघितला, पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवला. चहा घेता घेता मी सगळं सांगितलं. टोपली, रस्त्यातल्या शिव्या, संत्रं, अंजिरं (वन्संनी डोळे वटारले) आणि चेंडू. काही वगळलं नाही. चेंडूचं ऐकून त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हे मला लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हटलं. आवाज बरा निघाला.

"चेंडूने असं आमच्याकडेही झालंय, पूर्वी," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. पण माझी काळजी वेगळी आहे. ती अजून कामच करतेय, मावशी. रोज लपवता, रोज शोधते. ज्या दिवशी नाक चालेनासं होईल, तेव्हा तिला काय देणार? आमच्यातली बरीचशी अशीच जातात. काम सुटतं आणि त्यांना दुसरं काही येतच नाही."

या खेपेला मी त्याला मधेच तोडलं नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

तेवढ्यात बाईसाहेब उठल्या. वेणी शिवायच्या यंत्रावर होती, आज सकाळी धागे कापून मी ती वर ठेवायला विसरले होते. त्यांनी मागच्या पायांवर उभं राहून ती ओढून घेतली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली.

मी आधी घाबरले. म्हटलं, काहीतरी सापडलंय हिला. वन्संकडे पाहिलं. वन्सं म्हणाल्या, "शपथ घेऊन सांगते, माझ्याकडे काही नाही." हँडलरने त्याची बॅग उघडून दाखवली, कागदच कागद. सोफ्याखाली बघितलं, पडद्यामागे बघितलं, चहाच्या ट्रेखाली बघितलं. कुठेही काही नव्हतं. बाईसाहेब मागे मागे येत होत्या आणि वेणीने माझ्या पोटरीवर मारत होत्या.

"तिने काही शोधलेलं नाही," हँडलर हळूच म्हणाला. "तिला नुसतं खेळायचंय." मग म्हणाला, "हे मी तिच्यात कधी पाहिलं नव्हतं."

मी खाली जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले, तरी बसले. एक गाठ तिने धरली, एक मी. ती गुरगुरली, मीही गुरगुरले. हँडलर वाकला, तिच्या गळपट्ट्यावरचा सरकारी बिल्ला त्याने काढून खिशात घातला आणि ती आमची झाल्याचा कागद वन्संकडे सहीसाठी दिला. सही वन्संनीच केली. माझा फोन वाजत होता, पुतणीचा, आज काकू आल्या नाहीत म्हणून असेल. मी तो वाजू दिला. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.